नाना मिस्तरींची तहकिकात

नाना मिस्तरी गाडी दुरुस्त करत नाहीत, तिचा खटला चालवतात. बॉनेट उघडलं की पहिला सवाल, "मुलजिम कोन हाय?" मग ड्रायव्हरचं बयान, मग इंजिनाचं. नानांचे वडील निजामाच्या काळात कचेरीत शिपाई होते. वारशात जमीन आली नाही, हे शब्द आले. एखादा प्लग निर्दोष निघाला की नाना तो फडक्यानं पुसतात, "बेकसूर. जा बाबा घरी," म्हणतात आणि परत जागेवर बसवतात.

वडवणीच्या बाजारतळाशेजारी त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. नानी गेल्यापासून ते तिथंच राहतात, तिथंच भाकरी थापतात. दारावर खडूनं लिहिलंय : 'लिंबू-मिरची, बिब्बा, काळी बाहुली काढून मगच गाडी आत आणावी.' या पाटीमुळंच आमची दोस्ती झाली. मी तेव्हा पत्रकं काढायचो; कशाच्या विरोधात काढत नव्हतो, एवढंच सांगणं सोपं आहे. नाना मला 'पत्रकवाले' म्हणत.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, जनावरं छावणीवर होती, आणि आमच्या दूध संस्थेच्या सभेत चर्चा कशाची, तर चेअरमनसाहेबांच्या गाडीच्या क्रूझ कंट्रोलची! बटण दाबलं की पाय न लावता गाडी एकाच वेगानं पळते, ती सोय. आमच्या रस्त्यांवर तिचा उपयोग शून्य. पण हायवे लागला की चेअरमनसाहेब ड्रायव्हर अर्जुनला शेजारी बसवत आणि केवळ त्या बटणासाठी स्वतः चालवत.

दसऱ्यानंतर ते बटण चालेना. बॅटरीही दोनदा उतरली. शहरातल्या एका कारागिरानं यंत्र लावून वेगाच्या सेन्सरवर बोट ठेवलं. चेअरमनच्या पुतण्यानं नवा सेन्सर आणून अर्जुनच्या हाती दिला, त्यानं तो बसवून घेतला, तरी गाडी तशीच. मग संचालकांनी ठरवूनच टाकलं, अर्जुननं नवा विकून जुनाच लावला. त्या दिवशी चार वाजता त्याला काढण्याची बैठक होती. त्याची बायको सुमन भावाच्या टोळीत ऊसतोडीला गेलेली. नोकरी गेली असती तर अर्जुनलाही कोयता उचलावा लागला असता, आणि मागं दोन पोरींची शाळा सुटली असती.

दुपारी मी अर्जुनला आणि गाडीला घेऊन नानांकडे गेलो. खिशात पत्रक तयार होतं : 'सेन्सर कोणी खाल्ला?' उत्तरही त्यातच होतं, चेअरमनचा पुतण्या.

नानांनी ते वाचलं. "निकाल लिहून आनलास व्हय बे? मंग तहकिकात कावून करायची?"

"नाना, तो पुतण्या कसा आहे ते साऱ्या तालुक्याला माहितीये."

"आसंल. पर ह्या गुन्ह्यात हाय का?"

नानांनी चाक उचलून फिरवलं, सेन्सर तपासला. नवाकोरा होता आणि नीट चालत होता. "बेकसूर. यंत्र फिर्यादी आसतंय पत्रकवाले. फिर्यादीचं ऐकायचं, निकाल त्येच्या हातात द्यायचा न्हाई." मग अर्जुनला विचारलं, "गाडी कवा धुतलती?"

"दसऱ्याला. त्येच्यानंतर पानी कुटं हाय नाना?"

नाना गाडीच्या मागं गेले. दिव्यांवर बोटभर धूळ होती. त्यांनी बाहीनं ती पुसली, आणि आतून लाल उजेड आला. भर उन्हात ब्रेकचा दिवा पेटलेला होता. गाडीत कुणीच नव्हतं.

"आता सांगा," नाना म्हणाले, "पाय कुनाचा हाय?"

गाडीला वाटत होतं, कुणीतरी सतत ब्रेक दाबून बसलंय. आणि ब्रेक दाबला की क्रूझ कंट्रोल सुटतो. बॅटरी या दिव्यांनीच खाल्ली होती.

नाना टॉर्च घेऊन पेडलखाली आडवे झाले. बराच वेळ नुसते पायच दिसत होते. मग आवाज आला, "अर्जुन, हे कुनी बांधलं बे?"

ब्रेकच्या दांडीला लाल दोऱ्याचे सात वेढे होते. मागं जाड गाठ. ती अडकून पेडल ज्वारीच्या दाण्याएवढं खालीच राहत होतं, आणि तिथला बारका सेन्सर इमानदारीनं सांगत होता, ब्रेक दाबलाय.

अर्जुन खाली बघत म्हणाला, "सुमननं. टोळी निघायच्या दिवशी. म्हनली, ब्रेक येळंवर लागावा."

मी चट्‌कन ब्लेड पुढं केलं. पाटीचे मालक समोर होते, मला वाटलं तेही खूश होतील.

"ठिव ते," नाना म्हणाले. "कवा येनार हाय ती?"

"गुढीपाडव्याला."

गाठ न सोडता दोरा काढायचा तर अख्खं पेडल उतरवावं लागणार होतं. नानांनी ते उतरवलं. संस्थेचा शिपाई दोनदा येऊन गेला, "झालं का नाना?" दोन्ही वेळा उत्तर एकच, "सुनावनी चालू हाय." वेढे तसेच्या तसे सरकवून त्यांनी गिअरच्या दांड्यावर चढवले, पेडल परत बसवलं. मागचा दिवा विझला. हायवेवर फेरी मारली, बटणही लागलं.

मग माझ्याच पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी मला लिहायला लावलं : 'ब्रेकचं पेडल अडकलेलं. वेगाचा सेन्सर नवा व ठीक. ड्रायवर बेकसूर.' दोऱ्याचं नाव नाही. तो कागद घेऊन अर्जुन चारच्या बैठकीला गेला, आणि साडेचारला चेअरमनसाहेबांना घेऊन गाडी बाजारतळावरून गेली. अर्जुन चालवत होता.

नाना रॉकेलनं हात पुसत होते. मी न राहवून विचारलं, "दोन तास घालवले. ब्लेडनं एका मिनिटाचं काम होतं."

"नानीनं माह्या पान्ह्याच्या पेटीला आसाच दोरा बांधला होता," ते म्हणाले. "दवाखान्यात जायच्या रोजी. पेटी उघडंना, म्हून मी कापला. निघताना तिनं बघितलं. दोरा कुटं गेला, म्हनली. मी म्हनलं, तुटला."

त्यांनी फडकं झटकलं, परत हात पुसले.

"ती म्हनली, ऱ्हाऊ द्या. आल्यावर दुसरा बांधते."