जगाचा पूर्वार्ध

साप्ताहिकाच्या वर्षअखेरच्या अंकाची घाई चालली होती आणि संपादकसाहेब एक पाय लिफ्टमध्ये, एक बाहेर ठेवून हुकूम सोडत होते. "सरत्या वर्षात जगात काय काय घडलं, त्याची दोन पानं हवीत. पूर्वार्ध हिच्याकडे, उत्तरार्ध त्याच्याकडे. शुक्रवारी माझ्या टेबलावर पाहिजेत." तेवढ्यात लिफ्टचं दार मिटलं.

'ही' म्हणजे हवामानबाई. दर अंकात हवामानाची चौकट लिहून लिहून तिला हे नाव पडलं होतं. नोकरी अजून कच्ची होती. पान चांगलं झालं तर कायम करतो, असं साहेबांनी सांगितलं होतं आणि हिने घरी आईला 'कायम झाले' असंच सांगून टाकलं होतं. आईने ते मावश्यांना, आत्यांना आणि जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

'तो' म्हणजे खेळाचं पान बघणारा पैलवान. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण नाव तेवढं भारी.

आता तुम्हीच सांगा, पूर्वेकडे ढगाळ आणि उत्तरेकडे कोरडं, हेच जिच्या डोक्यात बारा महिने, ती पूर्वार्ध म्हटल्यावर काय समजणार? पूर्वेकडचं अर्धं जग! भिंतीवरच्या नकाशापुढे उभं राहून तिने पैलवानालाही समजावलं, "हे बघ, पूर्व माझी, उत्तर तुझी."

"बरं झालं सांगितलंस," पैलवान म्हणाला. "मी उगाच जुलैपासून सुरू करणार होतो."

काम सुरळीत चाललं ते ईशान्येपर्यंत. तिथे एक ज्वालामुखी जागा झाला होता.

"ज्वालामुखी माझा," ती म्हणाली.

"का म्हणून? ईशान्येत उत्तरही येते."

"तुझ्याकडे राजपुत्राचं लग्न आहे, हिमवादळ आहे. माझ्याकडे नुसत्या निवडणुका. माझं पान कोण वाचणार?"

"बरं, घे ज्वालामुखी. पण ते वाळूत रुतलेलं जहाज मला."

"मुळीच नाही. जहाजाचं तोंड पूर्वेला होतं."

जहाजावरून दोघांनी दुपारभर अबोला धरला. संध्याकाळी चहाच्या वेळी पैलवानाने गुपचूप अवकाशयान ढापलं. यान वर गेलं आणि नकाशात वर म्हणजे उत्तर, असं त्याचं म्हणणं. मग हवामानबाईने सूर्यग्रहण ठेवून घेतलं. सूर्य पूर्वेचाच की.

शुक्रवारी साहेबांनी तिचं पान हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पूर्वार्धात ही नोव्हेंबरची निवडणूक कशी आली?"

"साहेब, तो देश पूर्वेलाच आहे."

साहेबांनी ते पान पुन्हा वाचलं. मग पैलवानाचं वाचलं. मग हळूच खुर्चीत बसले.

"अगं, पूर्वार्ध म्हणजे जानेवारी ते जून. वर्षाचा पूर्वार्ध. जगाचा नव्हे. आता छापखान्याला काय देऊ, माझं डोकं? आणि तुला म्हणे कायम व्हायचंय."

हवामानबाईचा चेहरा उतरला. आता आईला काय सांगायचं? पैलवान नकाशाकडे बघत उभा राहिला.

नेमकं त्याच वेळी मालक आत आले. साहेब ताडकन उठले. मालकांनी टेबलावरची पानं उचलली, उभ्याउभ्याच चाळली, ज्वालामुखीपाशी जरा थांबले, जहाजापाशी हसले.

"मजा आली. पूर्वार्ध झाला, उत्तरार्ध झाला," मालक म्हणाले. "पण साहेब, दक्षिणार्ध कुठाय?"

मालकांना मराठी शिकवायची म्हणजे स्वतःच्याही कायमपणाचा प्रश्न होता.

"तो... चालू आहे, मालक."

"आणि पश्चिमार्ध?"

"तोही."

"कोण करतंय? या दोघांनी तर आपापलं काम चोख केलंय."

"मीच करतोय," साहेब म्हणाले.

"मग तासाभरात उरका. बाकी पोरीची समज चांगली आहे. आपल्याकडे कायम आहे ना?"

"हो तर. आजपासूनच."

मालक गेले. साहेबांनी खुर्ची ओढत नकाशासमोर नेली, चष्मा पुसला आणि बराच वेळ खालच्या बाजूला बघत राहिले. मग मान न वळवता त्यांनी हलकेच विचारलं, "हे दक्षिण म्हणजे नेमकं कुठून धरायचं गं?"

"विषुववृत्ताच्या खालचं सगळं तुमचं, साहेब," हवामानबाई म्हणाली आणि आईला फोन लावायला बाहेर गेली.