सेन्सेई राकुदाई

गाडेकर गुरुजींनी मला फसवलं. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी मी चौथीत होतो. दुसऱ्या वेळी नेवाशात माझं ऑइल इंजिनचं दुकान होतं. पहिली फसवणूक मी पचवली. दुसरी पचत नाही.

हा माणूस जगातली प्रत्येक वस्तू जपानी इयत्तेत बसवतो. चहा पाणचट झाला की म्हणतो, "निनेनसेई." म्हणजे दुसरीतला. एसटी चढावर बंद पडली की खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरला सांगतो, "राकुदाई!" म्हणजे नापास. शेजारच्या शेवंताकाकूंनी भरीत पाठवलं की बोट चाटून ओरडतो, "दाइगाकु!" म्हणजे थेट विद्यापीठ. काकूंना वाटायचं, भरीत करपलं. त्या बिचाऱ्या दुसरं पाठवायच्या. गुरुजींनी त्यांचा हा गैरसमज कधी दूर केला नाही.

ही विद्या आली माझ्याच रद्दीतून. एका जुन्या जपानी पंपाच्या खोक्यात इंग्रजांना जपानी शिकवणारं पुस्तक निघालं. उंदरांनी सगळं कुरतडलेलं, फक्त पहिला धडा शाबूत: शाळा आणि इयत्ता. गुरुजींनी मागितलं आणि मी घासाघीस न करता देऊन टाकलं. आयुष्यात अशी चूक मी पुन्हा केली नाही. एकच धडा उरल्यामुळे 'पाणी द्या' किंवा 'नमस्कार' गुरुजींना येत नाही, पण बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सगळं तोंडपाठ.

गुरुजी दिसले की लोक गल्ली बदलायचे. मी कुठे जाणार? त्यांची खोली माझ्या दुकानाला लागून. रोज सकाळी भिंतीपलीकडून सुरू: "इचिनेनसेई, पहिली. निनेनसेई, दुसरी. सान्नेनसेई, तिसरी. समजलं? नाही समजलं. पुन्हा." चौथीपाशी मात्र गाडी अडखळायची.

"योनेनसेई, चौथी! म्हणा की गुरुजी," मी इकडून ओरडायचो. "घाबरता कशाला?"

पलीकडून पुन्हा पहिलीपासून सुरू.

कारण चौथीतच त्यांनी मला बुडवलं होतं. गणिताच्या पेपरात माझा आणि बबनचा भागाकार चुकीसकट सारखा निघाला. बबन माझं बघून लिहीत होता. पण बबन पाटलांच्या वाड्यावरचा, मी हमालाचा. "सोपान्या, नक्कल करतोस?" एवढंच गुरुजी म्हणाले. मी शपथ घेतली, रडलो. नापास. त्या दिवशी दप्तर फेकलं आणि केडगावला गॅरेजात नट-बोल्ट धुवायला लागलो. बबन आज कचेरीत कारकून आहे. भागाकार त्याला अजून येत नाही.

त्या रागावर मी उभा राहिलो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मला समोर गुरुजी दिसायचे, आणि मी पैसाभर खाली यायचो नाही. पेन्शनीत निघाल्यावर हे गृहस्थ माझ्या शेजारी राहायला आले. पुणतांब्याला घर, भाऊ, भावजयीच्या हातची गरम भाकरी, ते सगळं सोडून. मला वाटलं, जखमेवर मीठ चोळायला आले.

मग जपानी नांगरयंत्राची एजन्सी निघाली. अख्ख्या तालुक्यात एकच. मला ती हवीच होती. अट होती मॅट्रिकची, आणि अर्जात मी 'मॅट्रिक' ठोकून दिलं होतं. पुण्याचे साहेब आले, बरोबर जपानी मिस्तरी. त्यांचा दुभाषा तापाने नगरलाच आडवा झालेला. साहेबांनी विचारलं, "इथे कुणाला जपानी येतं का हो?" आणि सगळ्या गावाने एका सुरात बोट दाखवलं.

गुरुजी धुतलेली टोपी घालून आले. जपानी माझ्याकडे बघत भरभर काहीतरी बोलला. त्यात एकच शब्द ओळखीचा आला, 'गाक्को'. म्हणजे शाळा. गुरुजींचा चेहरा उजळला. मला अर्जातलं 'मॅट्रिक' आठवलं.

गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "योनेनसेई. राकुदाई."

चौथी नापास! वीस वर्षांनी पुन्हा, तेही परक्या माणसापुढे. माझ्या हातात पाना होता. तो मी कसा आवरला, माझं मला ठाऊक.

मग गुरुजींनी तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "सेन्सेई. सेन्सेई राकुदाई."

मास्तर नापास.

जपानी कमरेतून वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. पुण्याचे साहेब गोंधळले. "काय म्हणताहेत ते?"

गुरुजींनी नाक पुसलं. "म्हणतात, शाळेचं राहू द्या, यंत्र खोलून दाखवा."

जपानी असं काहीच म्हणाला नव्हता. पण मी यंत्र खोललं, पुसलं, जोडलं. दोरीच्या पहिल्याच ओढीला ते धडधडलं. "दाइगाकु!" गुरुजी किंचाळले. जपानी टाळ्या पिटत हसला, साहेबांनी अर्ज घडी करून खिशात टाकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

एजन्सी मिळाली. पाटी लागली. मी पेढे घेऊन भिंतीपलीकडे गेलो आणि विचारलं, "गुरुजी, बबनचं तुमाला कवा कळलं?"

त्यांनी पेढा तोंडात टाकला. "दाइगाकु," म्हणाले, आणि पुस्तकात डोकं घातलं.

"आन् पुनतांबं सोडून हितं का आलात?"

"बालवाडीला योचिएन म्हणतात, सोपान्या. समजलं? नाही समजलं. पुन्हा."

मला समजलं होतं. तीच तर फसवणूक. वीस वर्षं जपलेला, कमावून मोठा केलेला माझा राग या माणसाने दोन शब्दांत काढून घेतला. अंग हलकं झालंय, झोप गाढ लागते, आणि हल्ली गिऱ्हाइकांना मी भाव सोडतो! हे नुकसान कुणाचं? याचा जाब गुरुजींनी द्यायलाच हवा. माझ्यासमोर बसून, आणि मराठीत.