आप्पांचं बिनपंख्याचं सभागृह

आप्पा शिवलकर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की खिशातून उदबत्ती काढून पेटवतात. देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नाही. धूर कुठे जातो ते त्यांना बघायचं असतं. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी आधी पंखा बंद केला, तर धूर बैठकीच्या खोलीत जागच्या जागी घुटमळत राहिला. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वाऱ्याला दारातून हाकलून दिलं होतं.

"हे घर कुणी बांधलंन?"

"मीच."

"तरीच," म्हणाले, आणि पंखा तसाच बंद ठेवून चालते झाले.

त्यांची सारी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. जन्मभर वीज तयार केलेल्या माणसानं म्हातारपणी ती खुशाल उधळावी की नाही? पण हे गृहस्थ रत्नागिरीत राहायला आल्यापासून दुसऱ्यांच्या घरातले दिवे मालवत हिंडतात. घर, दुकान, गोठा, काहीही बांधायचं निघालं की त्यांचा एकच प्रश्न : "वाऱ्याला विचारलंत?"

मी आमच्या आंबा बागायतदार सोसायटीचा चिटणीस. आम्हाला कचेरी आणि दीडशे माणसं बसतील असं सभागृह हवं होतं. गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जागा मिळाली होती, पैसे मात्र बेताचेच होते. एका नव्या आर्किटेक्टनं रस्त्याकडे तोंड करून काचेचा दर्शनी भाग आणि आत एसी असा झकास नकाशा दिला. अध्यक्ष नाना खूश झाले. काचेतच आमची निम्मी गंगाजळी आटली असती, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

त्या बैठकीला आप्पा न बोलावता आले. आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःचा नकाशा काढून आणला होता. लांबट, अरुंद इमारत. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. पाडलेल्या घरांची मंगलोरी कौलं स्वस्तात आणायची. उजेड उत्तरेकडून, समुद्राच्या अंगाला रुंद पडवी, आणि आढ्याखाली गरम हवा निघून जायला फट.

"आणि पंखे?" नानांनी विचारलं.

"नाहीत."

"एकही नाही?"

"वाऱ्याला विचारलंत, लागतील म्हणून?"

मी सरळ विरोधात बोललो. घामाघूम झालेले सभासद मला फाडून खातात, आप्पांना थोडेच विचारतात! दोन तास हुज्जत झाली. शेवटी ठरलं की इमारत आप्पांची, पण छताला हुक ठेवायचे. ऑक्टोबरातल्या वार्षिक सभेत लोक उकाड्यानं हैराण झाले, तर दुसऱ्याच दिवशी पंखे लागतील आणि आप्पांनी ब्र काढायचा नाही. "कबूल," आप्पा म्हणाले. आवाज मात्र त्यांचा जरा पडलेला वाटला.

काम सुरू झालं आणि गवंड्याच्या डोक्याचं भजं झालं. सड्याखालच्या वाडीतल्या बायका आमसुलं कुठे वाळत घालतात, म्हणजे वारा कुठून येतो, हे विचारून येऊन आप्पांनी आखलेली भिंत चार हात सरकवली. गवंडी मला म्हणाला, "एक तर ह्यांना आवरा, नाहीतर मला सोडा."

इमारत उभी राहिली आणि पावसाळ्यात अशी झड आली की पडवी ओलांडून पाणी थेट कचेरीत. माझी दप्तरं भिजून लगदा झाली. मी आप्पांना फोनवर वाट्टेल ते बोललो. "वाऱ्याला विचारलंत, पावसाला कोण विचारणार होतं? मी?"

सकाळी जाऊन बघतो तर सत्तरी उलटलेला हा माणूस शिडीवर चढून पडवीला नारळाची झापं बांधत होता. "आपले आजे दर पावसाळ्याला हेच करीत. गणपती गेले की सोडायची. मी नकाशात लिहायला विसरलो हो." इतके ओशाळलेले आप्पा मी पहिल्यांदाच पाहिले. मीही मग गुपचूप सुतळी धरली.

ऑक्टोबरची सभा आली. बाहेर अंगाची लाही होत होती. सभागृह खच्चून भरलं. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला आणि पडवीतून आत शिरला. मी अहवाल वाचला, नाना बोलायला उठले, आणि कुणीही कागदानं वारा घेत नव्हतं. मी मागे भिंतीशी उभ्या असलेल्या आप्पांकडे जाऊन पुटपुटलो, "जिंकलात बुवा!"

त्यांचं लक्षच नव्हतं. ते बायकांच्या तिसऱ्या रांगेकडे बघत होते. तिथे शालूकाकू, त्यांच्या पत्नी, बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, कानात यंत्र आहे, एवढंच मला ठाऊक. लग्नकार्यातही त्या कधी दिसत नसत. इतक्यात नानांनी आपल्या बागेतल्या वानरांचा किस्सा सांगितला आणि सगळे हसले. काकूही हसल्या, अगदी सगळ्यांच्या बरोबरीनं.

आप्पांनी माझं मनगट गच्च धरलं. "ऐकलंन तिनं! पंखा चालू असला की यंत्रातून तिला नुसता पंखाच ऐकू येतो हो. म्हणून ती चार माणसांत बसायचीच बंद झाली."

"अहो, मग हे तेव्हाच सांगायचंत! एका शब्दानं अडवलं नसतं आम्ही."

"सांगितलं असतं तर सगळे तिच्याशी ओरडून बोलले असते," आप्पा म्हणाले. "तिला ते आवडत नाही."

फोनवर बोललेला शब्दन् शब्द मला आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सभा संपली. काकू गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. मी मुद्दाम नेहमीच्याच आवाजात विचारलं, "काय काकू, कशी वाटली सभा?"

"छान," त्या म्हणाल्या. "तुमचा अहवाल तेवढा फार लांबला."