पोलंडच्या स्थळाची चौकशी

नानाभाऊंनी उभ्या आयुष्यात बास्केटबॉल हातात धरलेला नाही. पण उरुग्वेतल्या एका बास्केटबॉल संघाचा मालक रविवारी आळशी असतो, हे ते तुम्हाला छातीठोकपणे सांगतील.

"रयवारी तो संघाकडे पाहतच नाई. तवाच धरलं पायजे त्याले."

इंटरनेटवर असा एक खेळ आहे. संघ आपला, खेळाडू कॉम्प्युटरने बनवलेले. कोणाला उतरवायचं, कोणाला बसवायचं एवढं मालकाने ठरवायचं; सामना आपोआप होतो. लीगमध्ये देशोदेशीचे मालक आहेत, आणि अमरावतीहून आमचे शेजारी नानाभाऊ. संघाचं नाव मात्र 'मोर्णा टायगर्स', कारण ते मूळचे मोर्णा नदीकाठच्या अकोल्याचे.

अकोल्यात नात्यागोत्यात लग्न ठरायचं असलं की मुलाची चौकशी करायला यांनाच धाडत. स्थळ परतवाड्याचं असो की दर्यापूरचं, नानाभाऊ आधी मुलाच्या घरी जातच नसत. बसस्टँडवर उतरायचं, पानठेल्यावर रेंगाळायचं, कटिंगच्या दुकानात दाढी करून घ्यायची आणि अख्खं घराणं डोक्यात भरून परत यायचं. आता मुलंमुली फोनवरच सगळं ठरवतात. निवृत्त होऊन ते इकडे एकटेच राहायला आले, तेव्हा चौकशी करायला कोणी उरलं नव्हतं. मग प्रतिस्पर्धी संघ सापडले.

दर सामन्याआधी लीगच्या पानावर ते आपलं मत लिहितात. एकदा फोनने त्यांच्या वऱ्हाडीचं जे इंग्रजी केलं, त्यावर ब्राझीलवाल्याने खुलासा मागितला. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. मला कामं ठरल्या वेळी लागतात. शनिवारी भाजी निवडून झाली की नानाभाऊ.

"लिहा वयनी. पोरगा उंच हाये, पन दमाचा नाई. दोन चकरा मारल्या का बसते. आनं मालक कसा, घरात तेल नाई आनं बुलेट घेनारा."

मी लिहिते, 'उंच खेळाडू लवकर थकतो. संघाचा खर्च बेताल आहे.'

"तुमी समदं सरकारी करून टाकता, बाप्पा!"

पण लोकांना ते आवडायचं. "नाना, आमच्या संघाबद्दल काय मत?" असं चिलीहून कोणी विचारायचं. इथे कॉलनीत त्यांना नळाची वेळ सोडून कोणी काही विचारत नसे. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, हे त्या पानावर सगळ्यांना मान्य होतं, आणि त्यांना ते मान्य असल्याचं माहीत होतं.

या हंगामाचा शेवटचा सामना पोलंडच्या एका मालकाशी होता. दोन्ही संघ तळाला. जो हरेल तो खालच्या लीगमध्ये जाणार आणि हे पान त्याला बंद होणार. नानाभाऊ खुशीत होते.

"त्याचा सेंटरचा पोरगा लंगडून राहिला, तरी थोच उतरवते. मालकाचं ध्यान नाई. काहून नाई, ते पाहा बरं."

मी पान चाळलं. त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या. आई गेली, संघाकडे पाहणं झालं नाही, क्षमस्व.

"कवा गेली?"

"मागच्या शनिवारी."

"म्हंजे तेरवी व्हाची हाये."

"नानाभाऊ, त्यांच्यात तेरवी नसते."

"आई तं असते?"

मग त्यांनी विचारलं, "म्याच कोनाच्या मैदानावर हाये?"

"त्यांच्या."

"मंग झालं. मयतीच्या घरी जाऊन कोनी कुस्ती खेयते काय?"

मी व्यवहाराचं बोलले. हरलात तर खाली जाल, तिथे ओळखीचं कोणी नसेल.

"जाईन."

"मग निदान तुमचे खेळाडू दमलेत, असं लिहू?"

"नाई. मुद्दाम सोडलं हे त्याले मालूम पडलं तं उगा वाईट वाटन. लिहा, पोलंडचा संघ कच्चा हाये, आपले राखीव पोरंच त्याले बस झाले."

मी तसंच लिहिलं. राखीव पोरं उतरली आणि सडकून हरली. पानभर हसणं झालं. नानाचा अंदाज पहिल्यांदा साफ चुकला, फाजील आत्मविश्वास नडला, वगैरे. उरुग्वेच्या आळशी माणसानेसुद्धा दोन वाक्यं टाकली. मी सगळं वाचून दाखवलं. नानाभाऊ चष्मा पुसत ऐकत होते.

"लिहू द्या," म्हणाले.

पान बंद व्हायच्या आत पोलंडला एक निरोप पाठवायचा होता. त्यांनी सांगितला. "जितला, बरं झालं. आईचं आयकून वाईट वाटलं. येळेवर जेवत जा."

या वेळी मी काही सरकारी केलं नाही. फक्त सवयीनं शेवटी 'पुन्हा भेटू' जोडलं आणि वाचून दाखवलं.

"ते काढा वयनी," नानाभाऊ हळूच म्हणाले. "मयतीच्या घरून निंगतानी येतो म्हनत नाई."