बम्परला फळ्याचा रंग

"गाडी विकायची तर विका, वहिनी," आत्माराम म्हणाला, "पण हा बम्पर बघून कोण घेईल हो?"

आनंदीबाई दाराच्या आतूनच बोलल्या. गंगाराम जाऊन तीन महिने झाले होते, आणि तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. "काय झालं बम्परला?"

"पांढरा पडलाय. राखेसारखा."

"मग करा काळा. तुम्ही चित्रकलेचे मास्तर ना, भावजी?"

आत्माराम भाटकर होता खरा चित्रकलेचा मास्तर. वय अठ्ठेचाळीस, लग्न राहून गेलेलं, मांडवीच्या या गल्लीत थोरल्या भावाच्या शेजारच्याच दोन खोल्यांत राहायचा. थोरला गंगाराम बोटीवर होता. जग फिरून आला, पंच्याऐंशी साली लाल मारुती घेतली आणि पहिल्याच दिवशी धाकट्याला म्हणाला, "लांबून बघ. खडूचे हात लावू नको." आत्मारामने दोन वर्षं गाडी लांबूनच बघितली. मग माघात गंगारामच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर येण्याआधीच सगळं आटोपलं. गाडी अंगणाच्या कडेला, गल्लीकडे तोंड करून उभी होती, ती तशीच राहिली. समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने पत्र्याला फारसं काही केलं नाही, पण प्लास्टिकच्या बम्परचा काळेपणा पार खाऊन टाकला.

आनंदीबाईंची मुलगी राही मुंबईला होती. तिने सगळं ठरवून टाकलं होतं : गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं, आईने मुंबईला यायचं. गिऱ्हाईकसुद्धा तिनेच हापिसातल्या ओळखीने शोधलं. पत्रात एवढंच होतं, "रविवारी दहा वाजता बने नावाचे गृहस्थ गाडी बघायला येतील. काका, तेवढी गाडी नीट करून ठेवा."

पत्र वाचून आत्माराम हिशेब मांडत बसला. गाडी गेली की वहिनी जाणार, वहिनी गेल्या की शेजारी कुलूप, आणि मग संध्याकाळचा चहा आपला आपण करायचा आणि आपणच बसून प्यायचा. पण भावाच्या घरातलं हे पहिलंच काम त्याच्याकडे आलं होतं. ते नासवायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. कामं नासवण्याबद्दल त्याची ख्याती होती, म्हणून ठरवावं लागलं.

सोमवारी त्याने बम्परला खोबरेल चोळलं. बम्पर असा चमकला की आत्माराम दोन पावलं मागे सरून बघत राहिला. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी लाल माती त्यावर येऊन बसली आणि मातीमागोमाग मुंग्या आल्या. मंगळवारी त्याने बुटाचं पॉलिश लावलं. ते छान बसलं, पण बम्परपेक्षा आत्मारामच्या सदऱ्यावर जास्त बसलं.

"मास्तर, सोडा तो नाद," शेजारचा बाबल्या कुंपणावरून म्हणाला. बाबल्या बर्फाच्या कारखान्यात होता आणि दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवणं हा त्याचा सुट्टीचा उद्योग होता. "रंग लावा सरळ. कसला पन काळा रंग."

काळा रंग आत्मारामकडे होता. दर मे महिन्यात शाळेचे फळे रंगवायचं काम चित्रकलेच्या मास्तरकडे असे आणि यंदाही फळे रंगवून डब्याच्या तळाशी बोटभर रंग उरला होता. बुधवारी त्याने तो रंग पुढच्या बम्परला दोन हात दिला. अगदी हात न कापता, रेघ न चुकवता. संध्याकाळी रंग वाळला. चमक नव्हती, पण काळा म्हणजे मिट्ट काळा, एकसारखा. आत्मारामला फार दिवसांनी बरं वाटलं. दादा असता तर काय म्हणाला असता, हा विचार मनात आला आणि ते बरं वाटणं लगेच संपलं.

गुरुवारी सकाळी तो अंगणात आला तर बम्परवर पांढऱ्या खडूने, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं : इयत्ता चौथी ब. पट ४१. हजर ०.

सुट्टी होती. गल्लीत पोरं होती. मास्तरच्या खिडकीत खडूची पेटी होती. आणि बम्पर हा आता, कसाही बघा, फळाच होता. आत्मारामने ओल्या फडक्याने पुसलं. अर्ध्या तासाने तिथे बेरजा होत्या. त्या पुसल्या तर हात धुऊन येईस्तोवर एक होडी होती, आणि होडी वाईट नव्हती. दुपारी मासे विकणाऱ्या मैनेने येणाऱ्या-जाणाऱ्या एका पोराला धरून लिहवून घेतलं : मैना दोन दिवस येनार नाय.

"मैने, ही गाडी आहे गो!" आत्माराम म्हणाला.

"मग मी काय घर बोलतंय?" मैना म्हणाली. "दारोदार सांगत फिरण्यापेक्षा ह्या बरा. माणसं रस्त्यानं जाताना वाचतील."

माणसं वाचतही होती. कोपऱ्यावरचे धोंडूअण्णा शिवलकर तर काठी टेकत मुद्दाम आले. वय चौऱ्याऐंशी, एके काळचे शिंपी, आगेमागे कोणी नाही. बम्परशी कंबरेत वाकून त्यांनी मैनेची सूचना दोनदा वाचली आणि म्हणाले, "येणार-मधला ण चुकलाय. बाकी सोय झाली हो."

शुक्रवारी कोणीतरी लिहिलं, शनिवारी नळाला पाणी येणार नाही. आत्माराम फडकं घेऊन वाकला, तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"काय लिहिलंय आज?"

"उद्या पाणी नाही, वहिनी."

"मग पुसताय कशाला? लोकांना कळायला नको?"

आणि हे बोलताना आनंदीबाई उंबऱ्याबाहेर ओटीवर आल्या. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं. आत्मारामच्या आलं. तो फडकं हातात धरून तसाच वाकलेला राहिला, कारण उभा राहिलो तर त्या आत जातील असं त्याला वाटलं.

शनिवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला धोंडूअण्णा गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, कोणाला त्रास न देता. सगळी गल्ली गोळा झाली. मालगुंडला त्यांचा एक पुतण्या आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण पंधरा वर्षांत त्याला कोणी पाहिलं नव्हतं. गल्लीतला रघू शेवटच्या एसटीने मालगुंडला निघाला, पुतण्याला घेऊन सकाळी परत यायचं ठरलं आणि अंत्ययात्रा दहाला ठरली. मग बाबल्या आत्मारामकडे आला.

"मास्तर, खडू घ्या. अक्षर तुमचं चांगलं."

"कशावर लिहू?"

बाबल्याने नुसतं गाडीकडे बघितलं.

"अरे, उद्या दहाला गिऱ्हाईक येणार आहे!"

"भावजी," आनंदीबाई पायरीवर उभ्या होत्या, "लिहा. माणूस गेलाय."

आत्मारामने गुडघे टेकले आणि डोळे पुसत, एका ओळीत बसवून लिहिलं : धोंडूअण्णा शिवलकर वारले. उद्या स. १०. शेवटच्या शब्दाला जागा पुरली नाही म्हणून 'वाजता' राहून गेलं. बने यायच्या आत पुसून टाकू, असं त्याने ठरवलं.

रविवारी पावणेदहाला पुरुषमंडळी अंगणात जमली होती. अण्णांच्या खोलीसमोर जागाच नव्हती, म्हणून ताटीचे बांबू, दोऱ्या, मडकं सगळं गाडीजवळच आणलं होतं. पुतण्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात पांढरा सदरा, पांढरं धोतर, काखेत छत्री असा एक ठेंगणा गृहस्थ गल्लीत शिरला. गाडीसमोर थांबला. बम्परवरचं वाचलं आणि त्याची मान खाली गेली.

बाबल्या पुढे झाला. "कुठून आलात?"

"मालगुंडहून," गृहस्थ अगदी हळू म्हणाले.

"अवो, तुमचीच वाट बघत होतो! रघू येईल मागनं. चला, चला. उशीर झाला."

"नाही, पण मी गाडी..."

"गाडी नको वो. स्मशान जवळच आहे, खांद्यावरनं न्यायचं."

गृहस्थांनी तोंड उघडलं, पण नेमक्या त्या क्षणी अण्णांच्या खोलीकडून बायकांच्या रडण्याचा आवाज आला आणि त्यांनी ते मिटलं. आत्माराम हे सगळं बघत होता. पुतण्याला धक्का बसलाय, हे त्याला दिसत होतं. त्याने स्वतः पुढे होऊन मडक्याची शिंकाळी त्यांच्या हातात दिली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "धीर धरा. सगळ्यांनाच जायचंय."

"हो," गृहस्थ म्हणाले.

वाटभर ते पुढे चालले. ऊन चढलं होतं, मडक्यातला धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता आणि त्यामुळे त्यांचे डोळे सारखे वाहत होते. मागची माणसं एकमेकांत बोलत होती. "पंधरा वर्षं आला नाय, पन बघ, रक्ताचं नातं." आत्माराम ताटीला खांदा देऊन चालत होता आणि मनात दुसऱ्याच विवंचनेत होता. बम्पर पुसायचा राहिला होता. आता ते बने येणार, ते वाचणार आणि उलट्या पावली जाणार. राहीला काय सांगायचं? हेही काम नासलंच.

स्मशानात चितेवर लाकडं रचून झाली. बाबल्याने गृहस्थांना सदरा काढायला सांगितला. त्यांनी सदरा काढला, घडी घातली, छत्रीवर ठेवली. मग खांद्यावर पाण्याचं मडकं आलं, तेव्हा मात्र ते माणसांकडे वळले.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "यात आत्माराम भाटकर कोण?"

"मी," आत्माराम म्हणाला.

"मी रावजी बने. तुमच्याकडे दहा वाजता येणार होतो."

आत्मारामला वाटलं, चितेवर आपल्यालाही जागा असती तर बरं झालं असतं. कोणी काही बोलायच्या आत फाटकाशी रिक्षा कचकन थांबली आणि तिच्यातून रघू आणि एक घामाघूम माणूस धावत आले. निवळीला एसटी बंद पडली होती.

"हा लवू! अण्णांचा पुतण्या!" रघू लांबूनच ओरडला.

लवूने चिता बघितली, माणसं बघितली आणि मडकं घेऊन उघड्या अंगाने उभे असलेले रावजी बघितले. "हे कोण?" तो म्हणाला. "ते मडकं माझं आहे!"

"घ्या हो, घ्या," रावजी इतक्या मनापासून म्हणाले की लवूला चुलता गेल्याचं रडू तिथेच फुटलं, आणि त्याला सावरायलाही जवळ तेच होते.

परत आल्यावर सगळ्यांनी विहिरीवर आंघोळी केल्या. रावजींकडे दुसरे कपडे नव्हते. आनंदीबाईंनी कपाट उघडलं आणि गंगारामचं धोतर आणि सदरा आणून दिला. सदरा गुडघ्यापर्यंत आला. ओटीवर चहाचा कप घेऊन ते बसले, तेव्हा आत्माराम त्यांच्यासमोर उभाच राहिला.

"तुम्ही सांगायचं नाही का हो?"

"दोनदा सांगणार होतो. पण माणसं रडत असताना मध्येच गाडीचं कसं काढायचं? आणि तुम्ही पाठीवरून हात फिरवलात," रावजी म्हणाले. "मी चाळीस वर्षं मुंबईत गोदीत होतो. आता मालगुंडला एकटाच. बऱ्याच दिवसांत कोणी फिरवला नव्हता."

रावजींनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि एक उसासा सोडला. "गाडी घेतो. आता एवढं सगळं झाल्यावर न घेता जाणं बरं नाही दिसायचं."

"बघून तरी घ्या."

"मला त्यातलं कळत नाही. चालवताही येत नाही. मुलगा म्हणाला, घ्या, म्हणून आलो."

"मग राहू दे," आनंदीबाई म्हणाल्या. त्या ओटीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. "मी देत नाही."

"वहिनी!" आत्माराम म्हणाला. "राहीला काय कळवू?"

"कळवा की आईला वेळ नाही. लवू परगावचा. अण्णांच्या दिवसांचं कोण बघणार? गल्लीला कळवायचं कशावर?"

रावजींच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. ते दुपारी जेवून, गंगारामच्याच सदऱ्यात, तीनच्या एसटीने गेले. आत्माराम त्यांना स्टँडवर पोचवून आला आणि दमून जरा आडवा झाला तो संध्याकाळीच उठला. उठला तो उदासच. अण्णा नव्हते, गाडी विकली गेली नव्हती, राहीचं रागाचं पत्र येणार होतं, आणि शाळेचा रंग परस्पर वापरल्याबद्दल मुख्याध्यापकांना काय सांगायचं तेही ठरायचं होतं.

तो अंगणात आला. पुढे कोणीच नव्हतं, पण बम्पर पुसून पुन्हा लिहिलेला होता. मोठं, तिरकं, सवय मोडलेलं बायकी अक्षर. आत्मारामने वाकून वाचलं.

'अण्णांचे दहावे सोमवारी. सर्वांनी यावे. मालगुंडचे बने यांनीपण.'

आणि त्याखाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, बारीक करून :

'हा भरला. भावजींनी मागचा रंगवावा.'