मोरीकडे उतार

बायकोच्या कामात स्वतःहून हात घालायचं बिभीषणराव तागडांनी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं, ते वांग्याच्या भाजीच्या दुसऱ्या वाढपाला. (पहिल्या वाढपाला ते सहसा काहीच ठरवत नाहीत.)

नेवासा फाट्यापासून थोडं आत त्यांचं घर. धंदा फ्लोअरिंगचा. गोडाऊन असो, वर्कशॉप असो, गाड्यांचं शोरूम असो. जिथं म्हणून मोठी जमीन काँक्रीटनं आरशासारखी करायची असेल, तिथं बिभीषणराव मशिनं आणि बारा माणसं घेऊन हजर. त्याला ‘फ्लोअर’ म्हटलेलं त्यांना आवडायचं. ‘कोबा’ म्हटलं की डोकं फिरायचं. आणि त्यांच्या आई लंकाबाई अख्ख्या गावाला नेमकं हेच सांगायच्या, “आमचा बिभीषण लई मोठा कोबावाला हाय.” (आई लंकाबाई आणि मुलगा बिभीषण. यावर करण्यासारखे सगळे विनोद गावानं चाळीस वर्षांपूर्वीच करून संपवलेत, तेव्हा आपण पुढं जाऊ.)

बिभीषणरावांना अभिमान एकाच गोष्टीचा होता, लेव्हलचा. “माझ्या फ्लोअरवर सकाळी गोटी ठेवा आणि संध्याकाळी बघायला या. गोटी तिथंच!” ते कुणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी खिशातून गोटी काढून जमिनीवर ठेवत, आणि ती पळाली की यजमानाकडं फार दुःखानं बघत. अशानं दोन सोयरिकी मोडता मोडता राहिल्या होत्या.

तर त्या दिवशी जेवताना त्यांच्या पत्नी सुकन्याबाई म्हणाल्या, “शेडच्या फ्लोअरला राहुरीचा माणूस बोलावलाय.”

बिभीषणरावांचा घास हातातच राहिला. सुकन्याबाईंच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी मिळून रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये खवा-पनीरचं काम सुरू करायचं ठरवलं होतं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, अन्न परवाना दाखवा, दुसऱ्या दिवसापासून रोज पनीर उचलतो. परवान्यासाठी तपासणीला मॅडम येणार होत्या पुढच्या शुक्रवारी. अकरा घरांतलं दूध त्या शुक्रवारावर नजर लावून बसलं होतं. शेडला भांडी आली होती, भट्टी आली होती, फक्त जमीन मातीची होती.

“राहुरीचा? मी घरात असताना?”

“बायका म्हणाल्या, तुमचे मालक कामाला चांगले आहेत, पण ऐकत नाहीत.”

“काय म्हणाल्या?”

“हेच. ऐकत नाहीत म्हणाल्या.”

“राहुरीवाल्याला नको म्हणून सांग,” बिभीषणराव म्हणाले. “गुरुवारी माझी मशिनं तुझ्या शेडवर. असा फ्लोअर करून देतो की मॅडमना चप्पल काढावीशी वाटली पाहिजे.”

मग सुकन्याबाईंनी काय काय हवं ते सविस्तर सांगितलं. बिभीषणराव प्रत्येक वाक्याला “हूं” म्हणाले. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा “हूं” असा घोटला होता की त्यावरही गोटी हलली नसती.

गुरुवारी सकाळी शेडवर काम सुरू झालं. मिक्सर गरगरत होता, व्हायब्रेटर थरथरत होता, ओल्या काँक्रीटमधलं पाणी ओढणारा पंप रेड्यासारखा हंबरत होता. तेवढ्यात फोन वाजला. सुकन्याबाई नगरला राहिलेली भांडी आणायला गेल्या होत्या. बिभीषणरावांनी एका कानात बोट घातलं.

“अहो, उतार काढायचा लक्षात आहे ना?”

“काय? उतारा?”

“हो! पुढच्या शुक्रवारी मॅडम आल्या की आधी तेच बघतात!”

“मग आधी नाही का सांगायचं! किती काढू?”

“शंभराला एक तरी पाहिजेच!”

पंपानं ‘शंभराला’ गिळून टाकलं. बिभीषणरावांच्या कानात ‘एक तरी पाहिजेच’ एवढंच पोचलं.

“एक कशाला, दोन काढतो की!”

“दोन?” सुकन्याबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “मग तर फारच बरं होईल. तुम्ही मनावर घेतलंत हो.”

बायकोनं वीस वर्षांत इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. बिभीषणरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी जुना जाणता गवंडी रंगनाथ याला बोलावलं. “मी तालुक्याला जातोय, सातबाऱ्याचा उतारा काढायला. परवान्याला लागतोय. तू लेव्हल सोडू नको.”

नेवाशात कॉम्प्युटर सेंटरवर ही रांग. पुढच्या माणसाला आजोबांच्या नावातला एक काना काढायचा होता आणि तो काना काढू देत नव्हता त्याचाच चुलता, जो त्याच्या पुढं उभा होता. तास गेला, दोन तास गेले. मधे रंगनाथचा फोन आला.

“शेठ, एक इचारायचं हुतं. मोरीच्या अंगाला उतार काढायचा का?”

“अरे बाबा, उतारा मी इथं काढतोय ना! रांगेत उभा आहे! तू त्यात पडू नको. तू लेव्हल बघ!”

रंगनाथनं फोन ठेवला आणि कामगारांना म्हणाला, “शेठ तिकडून काढून आनत्यात म्हनं.” उतार बाहेरून काढून आणायची काय पद्धत असते हे त्याला ठाऊक नव्हतं. पण शेठ नवीन नवीन मशिनं आणत असत, तेव्हा हेही निघालं असेल असं समजून त्यानं इमानेइतबारे लेव्हल धरली.

संध्याकाळी बिभीषणराव परतले, तेव्हा फ्लोअर घोटून तयार होता. दारात उभं राहून ते बघतच राहिले. अशी जमीन त्यांच्याही हातून कधी झाली नव्हती. त्यात पत्रा दिसत होता, पत्र्याची भोकं दिसत होती, भोकांतलं आभाळसुद्धा दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, मॅडम यायला अजून आठवडा असताना, सुकन्याबाई आणि लंकाबाई सकाळी बघायला आल्या. बिभीषणरावांनी खिशातून गोटी काढून मधोमध ठेवली. गोटी हलली नाही. हलल्या त्या सुकन्याबाईंच्या भुवया. त्या बाहेर गेल्या, पाण्याची बादली घेऊन आल्या आणि जमिनीवर ओतली.

पाणी पसरलं. पसरून थांबलं. मोरी आठ फुटांवर होती. पाण्यानं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते जायकवाडीच्या फुगवट्यासारखं निवांत पडून राहिलं.

“बघ! सगळीकडं सारखं!” बिभीषणराव म्हणाले.

“उतार कुठाय?”

“हा काय!” त्यांनी काखेतली प्लास्टिकची फाईल पुढं केली. “एक म्हणालीस, दोन काढलेत. सहीशिक्क्यासकट.”

सुकन्याबाईंनी फाईल उघडली. गट नंबर वाचला. क्षेत्र वाचलं. खातेदार लंकाबाई, पीक ऊस, विहीर एक. मग फार शांतपणे विचारलं, “हा मोरीपाशी धरू का? पाणी वाचून बघेल आणि जाईल.”

“म्हणजे?”

“उतार, अहो! उतार! पाणी जायला! रोज दोन-दोनदा धुवायची जमीन ती! पाणी साचलं की परवाना नाही, परवाना नाही की हॉटेल नाही!”

बिभीषणरावांच्या डोक्यात आता एकेक वाक्य उजाडू लागलं. शंभराला एक. मोरीच्या अंगाला. वांग्याची भाजी. ते हळूहळू भिंतीला टेकले.

लंकाबाईंना सगळं कळलं नाही. पण पोराचा चेहरा उतरलाय आणि ‘उतारा, उतारा’ चाललंय एवढं कळलं. “आगं मंग मला सांगायचं न्हाई का? उताऱ्याचं काम माझं हाय!” म्हणत त्या घराकडं गेल्या आणि दहीभात, लिंबू, गुलाल असं पत्रावळीवर घेऊन आल्या. “लोकांची दिष्ट लागली कोब्याला. हुबा ऱ्हा नीट.” आणि पाण्यात उभ्या असलेल्या चाळीस वर्षांच्या मुलावरून त्यांनी तो उतारा सात वेळा ओवाळून तिठ्यावर नेऊन ठेवला. तेवढ्यात आलेल्या गटातल्या बायकांना वाटलं, ही फ्लोअरिंगची शेवटची पायरी असावी.

पुढचे दोन दिवस बिभीषणरावांनी सगळे मार्ग धुंडाळले. मोरीपर्यंत मशीननं चर कापून पाहिली; पाणी चरीत उतरलं आणि चरीतच बसलं. मग ते म्हणाले, लांब दांड्याचे रबरी वायपर आणू. सुकन्याबाई म्हणाल्या, “चालेल. मॅडम आल्या की तुम्ही वायपर धरून उभे राहा. रोज या.” इलाज एकच होता. लेव्हलवर वरून उताराचा नवा थर द्यायचा. पण गुळगुळीत काँक्रीटवर थर धरत नाही. त्याआधी छिन्नीनं सगळीकडं टाचे मारून ती जमीन खरबडीत करावी लागते.

सोमवारी सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन माणसं बसली, पण कुणी पहिला घाव घालेना. रंगनाथ म्हणाला, “शेठ, माझ्या हातानं न्हाई व्हायचं. आशी जमीन पुन्ना न्हाई जमायची.”

बिभीषणराव स्वतः गुडघ्यांवर बसले. तळहातानं एकदा जमीन पुसली. मग छिन्नी लावली आणि डोळे मिटून हातोडी मारली. (हातोडी अंगठ्यावर बसली, ती गोष्ट वेगळी.)

दुपारी सुकन्याबाई डबा घेऊन आल्या. बिभीषणराव धुळीनं पांढरे झाले होते, अंगठ्याला चिंधी होती. त्या बाजूला बसल्या, भाकरीचा तुकडा मोडून हातात दिला आणि म्हणाल्या, “फ्लोअर चांगला झाला होता हो.”

“मग?”

“मग काही नाही. चांगला झाला होता, एवढंच.”

बिभीषणरावांना त्या भाकरीची चव दिवसभर पुरली. मंगळवारी त्यांनी दोऱ्या लावून नवा थर स्वतः ओढला, मोरीकडं शंभराला दोन, म्हणजे शंभर फुटांत दोन फूट उतार देऊन. ओढताना दर पाच मिनिटांनी ते बायकोला विचारत होते, “आता तू काय म्हणालीस?” आणि ती काहीच म्हणालेली नसायची.

ठरलेल्या शुक्रवारी मॅडम आल्या. सुकन्याबाईंनी सगळ्यांना पांढऱ्या टोप्या घालायला लावल्या होत्या, बिभीषणरावांनाही. मॅडमनी पातेली बघितली, जाळ्या बघितल्या आणि म्हणाल्या, “जरा पाणी टाका.” बिभीषणराव बादली घेऊन उभेच होते. (दुसरं काही करायची त्यांना परवानगी नव्हती.) त्यांनी पाणी ओतलं. पाणी जमिनीवर पडलं, क्षणभर थबकलं आणि मग, माहेरी निघालेल्या लेकीसारखं, सरळ मोरीकडं धावत सुटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लंकाबाई म्हणाल्या, “लिंबू लागू पडला.”

“उत्तम,” मॅडम म्हणाल्या. “असं काम तालुक्यात बघितलं नाही.” जाताना त्यांनी पनीरचा तुकडा चाखला, मान डोलावली आणि कागदावर सही केली. मॅडम गाडीत बसल्यावर बिभीषणरावांनी गटाच्या कार्डामागं आपला नंबर लिहून खिडकीतून दिला. “कधीही सांगा मॅडम. कितीही मोठं काम असू द्या.”

परवाना आला. हॉटेलवाल्याची गाडी रोज सकाळी शेडवर उभी राहू लागली. आणि पंधरा दिवसांनी, बिभीषणराव फाट्यावर चहा पीत असताना मॅडमचा फोन आला. मॅडमच्या हातात किती कारखाने, किती डेअऱ्या, किती कोल्ड स्टोरेज! बिभीषणरावांनी रंगनाथला आणि चार ओळखीच्या माणसांना जवळ बोलावलं, घसा साफ केला आणि फोन स्पीकरवर टाकला.

“बोला मॅडम! काम कुठं आहे?”

“माझ्या घरीच. रविवारी द्यायला जमेल ना?”

“घरचं काम तर आधी! किती आहे?”

“अडीच.”

“अडीच हजार फूट?”

“अडीच किलो. पनीर हो! घरी पाहुणे येणारेत.”

रंगनाथ चहाच्या ग्लासात बघू लागला. बिभीषणरावांनी स्पीकर बंद करायला अंगठा नेला, पण तो अजून सुजलेला होता. बटण काही दबेना.

“देतो मॅडम,” ते म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “आणि फ्लोअरिंगचं काही?”

“हां, बरी आठवण केलीत,” मॅडम म्हणाल्या. “त्या दिवशी विचारायचंच राहिलं. तुमच्या सुकन्याताईंना विचारून सांगा ना, तो सुंदर कोबा त्यांनी कुठल्या गवंड्याकडून करून घेतला? तुम्ही डिलिव्हरीवाले, तुम्हाला काय माहीत असणार म्हणा.”