बठ्ठा नावाचा इसम

उजाळखेडे हे गाव हागणदारीमुक्त आहे. ही माझी समजूत नसून शासकीय वस्तुस्थिती आहे. वेशीवर तसा फलक आहे, प्रत्येक घराशेजारी गुलाबी रंगाचा संडास आहे आणि प्रत्येक संडासाला बाहेरून कडी आहे. मी या गावचा ग्रामसेवक. राहतो धुळ्यात, साक्री रस्त्याने मोटारसायकलवर ये-जा करतो, त्यामुळे गावाकडे तटस्थपणे पाहणं मला जमतं. तर अशा या निर्मळ गावात एकच रहिवासी शासनाच्या धोरणाविरुद्ध उघडपणे वागत होता. नाव रुपली, वय अडीच वर्षे.

रुपली ही सरपंच हिलाल नानांची नात. ती रोज सकाळी ग्रामपंचायतीसमोर, स्वच्छतेचं चित्र काढलेल्या भिंतीखाली, स्वतःचा छोटा डबा शेजारी ठेवून बसायची. बाकीच्या गावासारखं शेताच्या बांधापर्यंत जायचं तर तिचे पाय पुरत नसत. मी गाडी लावू लागलो की ती बसल्या बसल्या विचारायची, "भाऊसाहेब, उनात का?" आलो, असं सांगून मी कार्यालयात जात असे. अडीच वर्षांच्या पोरीचं कोण मनावर घेतो?

पण वरून परिपत्रक आलं. गावाची फेरपडताळणी होणार होती, आणि कुटुंबातील प्रत्येक सदस्य, वयाची अट न ठेवता, शौचालयाचा वापर करतो काय, हे पथक पाहणार होतं. मी ते सरपंचांच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "भाऊसाहेब, चहा ल्या." रुपलीची आई सुनीता मात्र भांडी घासता घासता थांबली.

"नाना," ती सासऱ्यांना म्हणाली, "मंग आपला संडास मोकळा करना पडी."

इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. सुनीताचं लग्न जुळलं तेव्हा तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती, घरात संडास पाहिजे. नानांनी त्यांना तो दाखवला. बाहेरून दाखवला; व्याह्यासमोर संडासाचं दार उघडणं बरं दिसलं नसतं. लग्नानंतर सुनीताने दार उघडलं तेव्हा आत युरियाच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या आणि जळालेली मोटार होती. नवरा लखन सुरतला कारखान्यात, त्याला फोनवर सांगून काय होणार? तेव्हापासून ती उजाडायच्या आत सासूबरोबर बांधावर जात होती. आता लेकीच्या निमित्ताने का होईना, शासन तिच्या बाजूने उभं राहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

ग्रामसभेत रीतसर ठराव झाला: 'कुमारी रुपली हिचे वर्तनात अपेक्षित बदल घडवून आणणेबाबत.' युरिया अंगणवाडीत हलवण्यात आला आणि अंगणवाडीतली मुलं देवळाच्या ओसरीत. सुनीताने संडास घासला, आतून चुना दिला, पाण्याची बादली भरून ठेवली आणि सर्वांच्या आधी स्वतः वापरला. त्या सकाळी ती गाणं गुणगुणत भाकरी थापत होती, असं शेजारच्या बायका सांगतात.

रुपली मात्र आत जाईना. कारण रांगती असताना तिने युरियाला हात लावू नये म्हणून घरच्यांनीच तिला सांगितलं होतं, "तठे बागुलबुवा शे!" नानांनी आता खुलासा केला, "बागुल गया, बेटा."

"कोठे गया?"

"अंगणवाडीमा." नाना खरं बोलणारे गृहस्थ. गोण्या तिथेच गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून रुपलीने अंगणवाडीचं नाव टाकलं आणि ही माहिती तिने आपल्यापुरती ठेवली नाही. ओसरीत बसलेली पोरं 'बागुल' करत आपापल्या घरी पळाली. पोषण आहाराची उसळ अंगणवाडीच्या ताईंना एकट्यांना खावी लागली. तालुक्याहून माझ्याकडे विचारणा झाली, की गळतीचे प्रमाण अचानक का वाढले. 'स्थानिक स्वरूपाच्या अंधश्रद्धेमुळे', असं मी कळवलं.

मग जनजागृती सुरू झाली. मुरमुरे दाखवले, मोबाईल दाखवला, पथनाट्यवाल्यांना बोलावून संडासासमोर ढोलकी वाजवली. रुपली मुरमुरे खाऊन, नाटक संपूर्ण बघून, डबा उचलून ग्रामपंचायतीसमोर जाऊन बसली. शेवटी नाना तिला दारापर्यंत उचलून घेऊन गेले. पोरीने चौकट घट्ट धरली आणि एकच मुद्दा मांडला.

"नाना, तू बठ ना पहिले."

"माले तठे जीव घाबरस," नाना म्हणाले.

"माले बी."

या युक्तिवादाला परिपत्रकात उत्तर नव्हतं. आम्ही त्या पोरीला अडाणी समजत होतो. वास्तविक तिचं प्रशिक्षण केव्हाच पूर्ण झालं होतं. आजोबा, आजी, काका, शेजारी असे अनुभवी प्रशिक्षक तिला रोज प्रात्यक्षिक देत होते.

अशात पथक आलं. निःपक्षपातीपणासाठी ते दूरच्या जिल्ह्यातून पाठवलेलं होतं, म्हणजे अहिराणीचा एक शब्द कोणाला कळत नव्हता. प्रमुख साहेबांनी सरपंचांचा संडास पाहिला आणि फारच खूष झाले. बाकी संडासांच्या कड्या ओढून पाहिल्या आणि 'दारे मजबूत' अशी टिपणी केली. निघताना त्यांना भिंतीखाली रुपली दिसली. साहेब लेकुरवाळे असावेत, तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काय गं बाळ, बाहेर बसतेस? आत नाही जायचं?"

"नही."

"असं? बाहेर कोण जातं?"

"बठ्ठा जातस," रुपली म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं. "बठ्ठा कोण?"

आता, खान्देशात ज्याने एक दिवस काढला आहे त्यालाही ठाऊक आहे की बठ्ठा म्हणजे सगळे. नानांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. सुनीता पदर सावरून काही सांगायला पुढे आली, पण कर्तव्य मी तिच्याआधी बजावलं.

"आहे एक इसम, सर," मी म्हणालो. "ऐकतच नाही."

"एकच?"

"एकच, सर. बठ्ठा."

साहेबांनी समाधानाने लिहून घेतलं. संपूर्ण गाव उत्तीर्ण झालं, बठ्ठा वगळता.

आमचा ताप इथून पुढे वाढला. वरून पत्रं येऊ लागली. बठ्ठा यांचे संपूर्ण नाव, वय, व्यवसाय कळवा. बठ्ठा यांचे समुपदेशन केले काय? नसल्यास का नाही? नाना म्हणाले, बठ्ठा मरी गया असं लिहा. मी समजावलं की मग मृत्यूचा दाखला लागेल, आणि वारस म्हणून कोण उभं राहणार? तो सुरतला गेला असं कळवावं, तर ते सुरतला विचारतील, आणि तिथे आमच्याकडचे इतके लोक आहेत की एखादा बठ्ठा सापडायचाही. अखेर मीच मार्ग काढला. बठ्ठा हे रुपलीचं घरगुती नाव आहे असं दाखवायचं, ती सुधारली की प्रकरण बंद. लहान मूल म्हटल्यावर वरची मंडळीही हसून सोडून देतील.

सुनीताला विचारणं भाग होतं.

"मन्ही पोरनं नाव बठ्ठा? लावा," ती म्हणाली. "पन नाना, संडासले पुन्हा कडी नही लागाले पायजे."

"नही लागाव," नाना म्हणाले. हे आश्वासन तोंडी असल्याने त्याची नोंद नाही.

त्यानंतर सुनीताने ठराव, ढोलकी, मुरमुरे सगळं बाजूला ठेवलं. रोज सकाळी ती स्वतः जायची आणि रुपलीला बरोबर न्यायची. दार उघडं ठेवून चिमणीच्या, कोल्ह्याच्या गोष्टी सांगत बसायची. पोरीला भीती एकटीने जायची होती, हे तिच्या आईखेरीज कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एके दिवशी आतून आरोळी आली, "माय, व्हयनं!" आणि रुपली ओल्या पायांनी, डबा मिरवत, दारात येऊन उभी राहिली. मी फोटो काढला. नानांनी डोळे पुसले, मलाही भरून आलं. 'बठ्ठा यांचे वर्तनात कायमस्वरूपी बदल', असं लिहून मी फोटो वर पाठवला, आणि उजाळखेडे शंभर टक्के मुक्त झालं. तालुक्याला सत्कार झाला. शाल नानांना मिळाली, नारळ मला.

दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडी रिकामी करून मागितली गेली. नानांनी गोण्या ट्रॅक्टरवर घालून घरी आणल्या आणि जिथल्या तिथे लावल्या. वर नळ्या ठेवल्या, मोटार ठेवली आणि कडी लावली. सुनीता दारासमोरून हलेना.

"आते काम व्हई गयं ना," नाना समजुतीने म्हणाले. "बठ्ठा सुधरना."

ती माझ्याकडे वळली. "भाऊसाहेब, मी कोठे जाऊ?"

"ताई, रेकॉर्डप्रमाणे या गावात बाहेर कोणीच जात नाही," मी म्हणालो.

"मंग भाऊसाहेब, मी बठ्ठामा येस का नही?"

मला त्या वेळी धुळ्याला मीटिंग होती.

रुपलीने अर्थातच त्रास दिला. शिकलेलं मूल ते. डबा घेऊन बंद दारासमोर उभी राहायची, कडी ओढायची, पोट धरून रडायची, पण बाहेर बसायला तयार होईना. साक्रीच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि मुलीला सवय बदलायला लावा म्हणाले. मग सुनीताने तिला उचललं आणि पहाटे बांधावर नेलं. "बठ, मन्ही माय, बठ," म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. चार-सहा दिवसांत पोर पुन्हा शिकली. मुलं हुशारच असतात.

तुम्हीही कधी पहाटे गाडीने, बांधालगतच्या त्या साक्री रस्त्याने गेला असाल. गाडीचा उजेड पडला की रस्त्याकडेला बसलेल्या बायका पटकन उठून उभ्या राहतात, आणि तुम्ही सभ्य माणसं, मान दुसरीकडे वळवून गाडी पुढे काढता. मीही एवढंच केलं, मला फक्त त्याचा पगार मिळतो. रुपलीला मात्र उजेड दिसला की उठायचं असतं, हे अजून कळत नाही. ती बसल्या बसल्या तुमच्या गाडीला टाटा करते. सुनीता तिला उठायला शिकवते आहे.